अबोलीनंतरचा थर

१

शुक्रवारी सकाळी सदा घरतने स्वतःच्या गाडीचा पुढचा बंपर उतरवला आणि सहाही बोल्ट वाटीत टाकता टाकता त्या ट्रेलरवाल्याचा उद्धार केला. तीस वर्षं तो उरणच्या रस्त्यावर लोकांच्या गाड्या रंगवत आला होता. स्वतःच्या गाडीला रंग लावायची वेळ पहिल्यांदाच येत होती. गाडी एकोणीस वर्षांची, चंदेरी, शोरूममधून नवीकोरी आणलेली. तिच्यावर कंपनीच्या रंगाशिवाय दुसरा थेंब पडलेला नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

बंदराकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे असतात. तिथे ‘गाड्या उभ्या करू नयेत’ अशी पाटी आहे, आणि त्या पाटीच्या खांबाला ड्रायव्हर लोक टॉवेल वाळत घालतात. सदाने तक्रार केली, पोच घेतली, पुन्हा तक्रार केली, दुसरी पोच घेतली. तिसऱ्या तक्रारीच्या आदल्या दिवशी एक ट्रेलर न बघता मागे आला आणि डाव्या दिव्याखाली बंपरला वीतभर तडा देऊन निघून गेला. हौशीने मुहूर्त काढल्यासारखा. कारण रविवारी कल्पिताचं लग्न होतं, आणि घरतांच्या घरातली मुलगी घरच्या गाडीतूनच सासरी जाणार, हे सदाने सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं.

सदाने सांगून ठेवलेली आणखी एक गोष्ट होती. गावाच्या जमिनीवर मालाचं यार्ड होणार म्हणून मोजणीवाले येऊन गेले होते. आळीतल्या सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. धाकटा भाऊ दिपेश याने तर सर्वांत आधी केली. सदाने मात्र सही मागायला आलेल्या साहेबाला ओट्यावरून खाली उतरवलं होतं. बंदरासाठी आधीचं गाव उठलं, तेव्हा वडिलांनी, काळूराम घरतांनी, घराचं सागवानी दार तेवढं पडावात घालून पाण्यातून इकडे आणलं होतं. तेच दार आजही घराला होतं. “पाचपरतावणाला तू याच दारातून आत येशील,” सदा कल्पिताला म्हणाला होता, “आणि पुढे म्हातारी होईपर्यंत येत राहशील. माहेर कुठे जात नाही.”

कल्पिता हसली होती. पण मग विचारलं होतं, “नक्की ना, पप्पा?”

तेव्हापासून त्याला जोर चढला होता. बंपर, मांडव, मोजणीवाले, सगळ्यांशी एकदम भिडायला तो तयार होता.

२

काम नेहमीचंच. तड्याच्या मागच्या बाजूने तारेची जाळी तापवून प्लॅस्टिकमध्ये बसवली. पुढून तड्याला खाच पाडली. मग पाण्याच्या बादलीत बुडवलेला पॉलिश पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून कडा उतरवायला सुरुवात केली. बंपर घासताना थर उतरतात ते नकाशातल्या डोंगरासारखे दिसतात, वर्तुळात वर्तुळ. वरचं चमकदार क्लिअर, त्याखाली चंदेरी, त्याखाली राखाडी प्रायमर, आणि मध्यभागी काळं प्लॅस्टिक. सदाला हे डोळे मिटूनही दिसे. खरं तर तो डोळे मिटूनच घासायचा. डोळ्याला न दिसणारी चढण तळव्याला कळते.

त्यामुळे पहिल्यांदा ते त्याच्या कानाला कळलं. पेपर पुढे गेला, मागे आला, तो थांबला. आणि आणखी एक हात फिरल्यासारखा आवाज आला.

शेडचा पत्रा, त्याने मनाशी म्हटलं. पत्र्यावर आवाज आपटून परत येतो. पुन्हा घासलं, पुन्हा थांबला. एक हात जास्त. पण पेपरचा खरखरीत आवाज नव्हता तो. कोरड्या लाकडावरून कुणी तळवा फिरवावा तसा मऊ होता.

मग त्याने डोळे उघडले. बादलीतलं पाणी हिरवं झालं होतं.

प्रायमरच्या आत, जिथे काळं प्लॅस्टिक दिसायला हवं, तिथे रुपयाएवढं हिरवं वर्तुळ होतं. गाडीचा हिरवा नव्हे. खिडक्यांना मारतात तो दाट, तेलकट हिरवा. त्याने नाक जवळ नेलं. अळशीच्या तेलाचा वास आला, जुन्या ऑइलपेंटला येतो तसा.

सदाला राग यायला हवा होता. एकोणीस वर्षांपूर्वी शोरूमवाल्यांनी दुरुस्त केलेला बंपर नवा म्हणून गळ्यात मारला, असा पहिला विचार आलाही, आणि अर्जाचं पहिलं वाक्य डोक्यात तयारही झालं. पण हात थांबेना. गंमत वाटत होती. अजून थोडं घासून बघू, असं त्या हिरव्याकडे पाहून वाटत होतं.

३

दुपारी गोदूआत्या डबा घेऊन आली. सदाची ती सख्खी आत्या, पंचाहत्तरीची, लग्नासाठी आठ दिवस आधीच येऊन राहिलेली. घरात बायकांची गर्दी झाली की ती असा काहीतरी बहाणा काढून बाहेर पडे.

“जेव आधी,” ती म्हणाली. “सुचिता म्हणते, नवरा लग्नाच्या कामाला नको म्हणून गॅरेजात लपलाय.”

“लपलोय कुठे. गाडी तयार नको?”

“गाडी कशाला? दिपेशची हाय ना नवी, लांबलचक. तुझ्या डब्यात नवरी बसली की गुडघे कानाला लागतील तिचे.” मग तिची नजर बंपरवर गेली आणि बोलता बोलता ती थांबली. डबा तसाच हातात धरून वाकली. “ह्यो रंग कुठून आनलास?”

“निघाला आतून.”

“माझ्या लगनाचा हाय ह्यो.”

सदा हसला. आत्या हसली नाही. त्यांच्याकडे घरात लग्न निघालं की घराला रंग निघतो, आणि भिंतींचं काहीही होवो, दाराला नवा हात बसल्याशिवाय हळद लागत नाही. आधीचा रंग कुणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवा देतात. म्हणून घरातल्या बायका दाराचे रंग सनावळीसारखे सांगतात. गोदूच्या लग्नाला हिरवा. भागोजीकाकाच्या लग्नाला निळा. हे दोन जुन्या गावात. मग इकडे आल्यावर सदाच्या लग्नाला विटकरी, दिपेशच्या लग्नाला पिवळा. आणि आता कल्पितासाठी अबोली. तिने स्वतः पसंत केलेला. त्याचा डबा अजून न फोडता माळ्यावर ठेवलेला होता.

“हिरवे रंग शंभर असतात, आत्या.”

“शंभर असू देत. बाबानं यात चुलीची काजळी घातलेली. बाजारचा पोपटी निघाला म्हनून मी रडलेली, तवा त्यानं काजळी कालवून गडद केला.” तिने बोटाने ते वर्तुळ पुसलं आणि बोट सदाच्या नाकासमोर धरलं. हिरव्यात काळे कण होते. “आता सांग मना.”

ती गेल्यावर सदाने भाकरी उभ्या उभ्या खाल्ली आणि हात न पुसता घासायला बसला. अर्ध्या तासात हिरव्याच्या पोटात निळं उगवलं.

४

निळ्यानंतर विटकरी. तो त्याचा स्वतःचा. ब्रश धरून दार त्यानेच रंगवलं होतं, पेंटर नवरा म्हणून लोकांनी चेष्टा केली होती. विटकरीच्या आत, चारच्या सुमाराला, पिवळा.

सदाच्या अंगात आता वारं शिरलं होतं. बाहेर रस्त्यावर ट्रेलर हॉर्न मारत होते, त्याला ऐकू येत नव्हतं. पेपर बदलायचा, बुडवायचा, घासायचा. प्रत्येक रंग येताना तो लॉटरीचं तिकीट खरडावं तसा वाकून बघे. आणि प्रत्येक वेळी तो थांबला की तो दुसरा हात एकदा फिरे. आता पत्र्याचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. आवाज बंपरमधून येत होता.

त्याने बंपर उलटा केला. मागे काळं प्लॅस्टिक, सकाळी बसवलेली जाळी, सगळं जिथल्या तिथे. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत त्याने जाडी धरून पाहिली. तीन मिलिमीटर. एवढे थर उतरल्यावर तिथे भोक पडायला हवं होतं. जाडी होती तेवढीच होती.

आणि मग, ठोकळा हातात असताना, तीस वर्षांच्या कामाने शिकवलेली साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली आणि त्याने ठोकळा खाली ठेवला.

वरून घासताना आधी नवा रंग लागतो. नंतरचा वर, जुना खाली, यात कुठे फरक होत नाही. घरी जाऊन दार घासलं असतं तर आधी पिवळा लागला असता, मग विटकरी, मग निळा, शेवटी हिरवा आणि मग सागाचं लाकूड. इथे उलटं होतं. सर्वांत जुना आधी लागला. मग त्याच्यापेक्षा नवा. मग आणखी नवा.

असं फक्त एका बाजूने होऊ शकतं. लाकडाच्या बाजूने. दाराच्या आतून बाहेर यावं तसा तो रंगांमधून येत होता.

५

“दादा, बरं नाही का?” दिपेश मोटरसायकलवरून न उतरताच विचारत होता. मांडववाल्याकडे जाता जाता तो डोकावला होता.

“दिपेश, माळ्यावरचा अबोलीचा डबा फोडला कुणी?”

“उद्या फोडणार. तूच सांगितलंस ना, हळदीच्या दिवशी सकाळी. का?”

सदाने बंपर पाठीमागे घेतला. पिवळ्याच्या मध्यभागी, डाळीच्या दाण्याएवढा, अबोली उमटला होता.

“बरं, तू सही कधी करतोयस?” दिपेशने विषय काढलाच. “त्यांचा माणूस पुन्हा आलेला. म्हणतो, एका घरासाठी नकाशा अडलाय. उगाच पेपरात नाव येईल म्हणून बसलायस तू.”

“माझं नाव कशाला येईल. एका आळीने आपलं गाव सहीवर दिलं, ही बातमी आहे. मी नाही.”

“लग्नघरात तरी भांडू नकोस, दादा.”

“मग लग्नघरात तो कागद आणू नकोस.”

दिपेश गेला. सदा त्या डाळीएवढ्या रंगाकडे पाहत राहिला. अजून डब्यात असलेला रंग. उद्या दाराला लागणार. म्हणजे अबोली लागून गेल्यानंतरच्या कुठल्या तरी दिवसाच्या दाराच्या आत सदा होता. आणि रंग काही अनंत असत नाहीत. एक थर शेवटचा असतो. त्याच्या पलीकडे रंग नसतो, उघडी हवा असते. ओटा, अंगण.

अबोलीच्या पलीकडे आणखी रंग असेल तर घरात आणखी लग्न होणार. दिपेशची राही सहा वर्षांची होती, तिचं होईल. घर उभं असेल तर होईल. आणि अबोलीच शेवटचा असेल, तर कल्पिताचं लग्न हे त्या घरातलं शेवटचं.

त्याने पेपर उचलला. मग खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा सदा घरत एखाद्या गोष्टीचा निकाल लावायला घाबरला. बंपरवर ओलं फडकं टाकून तो घरी गेला.

६

सकाळपर्यंत मात्र त्याच्यातला भांडकुदळ माणूस जागा झाला होता. निकाल लागायचाच असेल तर तो आपण लिहायचा.

शनिवारी सकाळी दिपेशने डबा फोडला आणि दाराला अबोली लावला. बायकांनी कौतुक केलं, कल्पिताने दारापुढे उभं राहून फोटो काढले. दहा वाजता, रंग नीट वाळलेलाही नसताना, सदा गॅरेजातून तीन बाटल्या घेऊन आला. गाडीचा रंग, दहा मिनिटांत सुकणारा. कडीच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत, त्याने अबोलीवर आकाशी रंगाचा चौकोन भरला.

“अहो, हे काय?” सुचिता पीठ भरल्या हाताने बाहेर आली.

“तीट,” सदा म्हणाला. “बाळाच्या गालाला लावतात तशी. एवढं सुंदर दार, दृष्ट नको लागायला.”

ओट्यावर हशा पिकला. गोदूआत्या तेवढी हसली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

आकाशी सुकल्यावर त्यावर जांभळा. जांभळ्यावर पोपटी. मनातल्या मनात तो नावं घेत होता. हा राहीचा. हा कल्पिताच्या पोरीचा, आजोळी लग्न करायचं म्हणून हट्ट धरेल तिचा. हा त्यानंतरचा, नाव ठरायचंय. मजा येत होती. सरकारी कागदावर आपल्या हाताने शेरा मारावा तसं वाटत होतं.

“एका तिटेला तीन रंग?” आत्याने हळूच विचारलं.

“पुढची सोय,” तो म्हणाला.

“आनि त्याच्याम्होरं?”

सदाने बाटल्या उचलल्या आणि तो गॅरेजकडे निघाला.

७

अबोली संपला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.  आणि अबोलीच्या पोटातून, स्वच्छ, आकाशी रंग वर आला.

तो मोठ्याने हसला. शेडमध्ये एकटाच. “बघ,” तो बंपरला म्हणाला, “म्हणे एका घरासाठी नकाशा अडलाय. अडणारच.” आकाशीनंतर जांभळा आला. त्याला थिनरचा, त्याच्या स्वतःच्या दुकानाचा वास होता. जांभळ्यानंतर पोपटी. लावला तसाच, लावला त्याच क्रमाने. त्याने पेपर फेकून हवेत मूठ मारली. तीन लग्नं. आणखी दोन पिढ्या. तो आता सरळ घरी जाणार होता, आणखी दहा बाटल्या घेऊन, आणि ते दार रात्र होईपर्यंत रंगवणार होता.

मग तो दुसरा हात फिरला. या वेळी सदा घासत नव्हता.

तळवा लाकडावरून वरून खाली आला. थांबला. पुन्हा वर गेला. आवाज इतका जवळ होता की मधे पापुद्र्याएवढंच काही असावं. सदाने बोटाचं टोक पोपटीवर ठेवलं. रंग मऊ होता, आणि पलीकडून कुणी दाबल्यासारखा थोडा वर आला.

त्याने हात काढायला हवा होता. पण तीस वर्षांची सवय. मऊ लागलं की अंगठा आपोआप फिरतो. पोपटी फाटला. आत चौथा रंग नव्हता.

उजेड होता. भर दुपारचा, पांढरा. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या भोकाला सदाने डोळा लावला.

अंगण नव्हतं. आळी नव्हती, तुळस नव्हती, समोरचं भागोजीकाकाचं घर नव्हतं. मुरमाचं सपाट मैदान क्षितिजापर्यंत गेलं होतं आणि त्यावर कंटेनर रचलेले होते, एकावर एक, गल्ल्यांसारखे. माणूस कुठे नव्हता. फक्त दारासमोर, अगदी जवळ, एक म्हातारी बाई उभी होती. पांढरे केस, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी खाऊची पुडी. लेक माहेरी येताना घेऊन येते तसं सगळं. ती दारावरून हात फिरवत होती. कडी शोधत असावी, किंवा काहीच शोधत नसावी. हनुवटीखाली डाव्या बाजूला तीळ होता. तो तीळ सदाने सव्वीस वर्षांपूर्वी, तिच्या जन्माच्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता.

तिचा हात थांबला. तिने ते भोक पाहिलं. वाकून तिने त्याच्यावर तळवा ठेवला आणि उजेड गेला. सदाच्या पापणीला ऊब लागली.

मग तिने थाप मारली. एकदा. थोडं थांबून आणखी एकदा. घरात कुणी असलं तर उघडेल अशा बेताने.

८

“पप्पा.”

शेडच्या तोंडाशी कल्पिता उभी होती. पिवळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, एका हातात फोन. “किती वेळ? आई ओरडतेय. हळदीला सगळे तुमच्यासाठी थांबलेत, आणि तुम्ही इथे बंपरशी गप्पा मारताय.”

सदा वळला नाही. भोकावर ठेवलेल्या त्याच्या तळव्याखाली थाप बसत होती. भोक मोठं करायला अंगठा पुरे होता. नुसता दाबायचा अवकाश. पण मग या बाजूला काय उघडलं असतं, ते मैदान कुठे सांडलं असतं, आणि शेडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या या पोरीने दारापलीकडच्या त्या पोरीकडे पाहून काय केलं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. उद्या तिला या गाडीत बसून जायचं होतं. हसत जायचं होतं.

“पप्पा, रडताय का तुम्ही? अजून उद्या जायचंय मला.”

“थिनर गेलं डोळ्यात,” तो म्हणाला. “झालंच. दहा मिनिटं.”

त्याने कॉम्प्रेसर चालू केला. चिमटीएवढी पुट्टी भोकात बसवली, पात्याने सपाट केली, आणि गन उचलली. प्रायमरचा पहिला हात. थाप, जराशी घाईची. दुसरा हात. थाप, आता बोटांच्या पेरांनी. चंदेरीचा पहिला हात. आवाज खोल गेला, गादीखाली दाबल्यासारखा. त्याची बोटं गनच्या घोड्यावर पांढरी पडली होती. हे तो उघडत नव्हता. हे तो बंद करत होता, आतून, स्वतःच्या हाताने. हे त्याला पुरतं कळत होतं आणि हात एकसारखा, सुरेख, एकही ओघळ न आणता फिरत होता. चंदेरीचा दुसरा हात. मग क्लिअर.

थाप थांबली.

“काय मस्त झालाय,” कल्पिता शेजारी येऊन म्हणाली. “तडा कुठे होता तेसुद्धा कळत नाही.”

सदाने गन खाली ठेवली आणि कॉम्प्रेसर बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत, चमकत्या चंदेरीच्या पलीकडून, मुरमावर चपला वाजल्या. सावकाश. एक पाऊल, मग दुसरं. मधे एकदा थांबून, वळून पाहिल्यासारखी. मग पुन्हा. आवाज लांब लांब जात होता.

कल्पिता त्याच्या शेजारी, जागची न हलता, उभी होती.